जमिनीचा भाव : ऐकीव आणि नोंदलेला

बैल घ्यावयाचा तर शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चांचपतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मगच हातावर हात मारतो. बियाणें घेतांना मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहणारे शेतकरीही आपल्यांत थोडे नाहींत. परंतु ज्या जमिनीवर हा बैल चालावयाचा आणि हें बीं पडावयाचें, तिचा सौदा मात्र पुष्कळदां केवळ ऐकीव भावावर होतो. "पाटणे फाट्याजवळ गुंठा इतक्याला गेला," असें कोणी सांगतो. तो गुंठा रस्त्याला लागून होता कीं आंत होता, पैसे खरोखर पोंचले कीं नुसता इसार झाला, हें कोणी विचारीत नाहीं. अशा बोलण्यावर एक भाऊ स्वस्तांत विकून मोकळा होतो, व दुसरा कर्ज काढून महाग घेतो. दोघांचेंही नुकसान एकाच कारणानें होतें : भाव मोजण्याचीं साधनें असून तीं वापरलीं जात नाहींत.

हीं साधनें कोणतीं, तीं कशीं वाचावींत, आणि त्यांचा खरेपणा राखणें हें आपल्या सर्वांच्या हिताचें कसें आहे, हें ह्या लेखांत क्रमानें सांगावयाचें आहे.

चंदगडची विशेष स्थिति

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याचा दक्षिणेकडील शेवटचा तालुका. १९५६ सालीं १ नोव्हेंबरास राज्यांची पुनर्रचना झाली, तोंपर्यंत हा तालुका बेळगांव जिल्ह्यांत होता. आजही आपला बाजार बेळगांवास, जिल्ह्याची कचेरी कोल्हापुरास, आणि घाट उतरला कीं कोंकण व गोवें, अशी आपली चौफेर ओढ आहे. त्यामुळें येथील जमिनीस गिऱ्हाईकही चहूंकडचें येतें, आणि प्रत्येक गिऱ्हाईक आपापल्या गांवचा भाव मनांत धरून बोलतें. बेळगांवच्या उपनगराचा किंवा गोव्याच्या किनाऱ्याचा भाव आपल्या माळाला लावणें म्हणजे कापडाच्या गजानें दूध मोजण्यासारखें आहे.

शिवाय तालुक्याच्या आंतही जमीन एक जातीची नाहीं. पश्चिमेस घाटमाथ्याची तांबडी, दगडी, अति पावसाची जमीन असून तींत काजू व नाचणी होते. ओढ्याकाठीं भाताचीं खाचरें आहेत. पूर्वेस ताम्रपर्णी व घटप्रभा ह्या नद्यांच्या पाण्यावर कोवाड, हलकर्णी ह्या बाजूंस ऊंस उभा राहतो. आणि बेळगांव–वेंगुर्लें रस्त्याच्या कडेची जमीन तर पिकाच्या हिशेबानें विकलीच जात नाहीं. म्हणून पहिला नियम हा कीं, माळाची तुलना माळाशीं, खाचराची खाचराशीं, बागायतीची बागायतीशीं आणि रस्त्याकडेची रस्त्याकडेच्या जमिनीशींच करावी. हा नियम मोडला कीं पुढील सर्व गणित फुकट जातें.

पहिलें साधन : सातबारा आणि त्यावरील आकार

सातबारा उताऱ्यावर आपण मालकाचें नांव व बोजा पाहतो, परंतु आकाराच्या रकमेकडे कोणी लक्ष देत नाहीं. कारण ती अवघी कांहीं रुपयांची असते. वास्तविक ह्या लहानशा आंकड्यांत मोठें ज्ञान सांठविलेलें आहे. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम ठरले. मातीचा रंग, तिची खोली व तिच्यांतील दोष पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरवावयाची, आणि त्या प्रतीप्रमाणें गांवाच्या आकाराची वांटणी करावयाची, अशी ती पद्धत होती. म्हणजे आकार हा आपल्या मातीविषयीं जुन्या पाहणीदारानें देऊन ठेवलेला अभिप्रायच होय.

तो असा वाचावा. एका गटाचें लागवडीचें क्षेत्र ० हेक्टर ८० आर व आकार २ रुपये ४० पैसे असेल, तर हेक्टरी आकार ३ रुपये झाला. दुसऱ्या गटाचें क्षेत्र ५० आर व आकार ४० पैसे असेल, तर हेक्टरी आकार ८० पैसेच झाला. दोन्ही गट एकाच गांवचे असल्यास पहिल्याची माती पाहणीच्या वेळीं पुष्कळच सरस गणली गेली होती, हें उघड आहे. मात्र ही तुलना एकाच गांवांत करावी. कारण गांवोगांवचा दर ठरवितांना पाऊस व बाजाराचें अंतर ह्यांचाही विचार होत असे. तसेंच मालकानें मागाहून काढलेली विहीर, घातलेली ताल किंवा भरलेली माती ह्यांचा पत्ता आकारांत लागत नाहीं. तो शेतावर जाऊनच लावावा लागतो. पोटखराब्याचें क्षेत्र वेगळें दाखविलेलें असतें. तें वजा न करतां सबंध क्षेत्राचे पैसे मोजणारे लोक दगडाचेही पैसे मोजतात.

दुसरें साधन : वार्षिक मूल्यदर तक्ता

ह्यालाच लोक रेडी रेकनर म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभाग हे दर ठरवितो, आणि ते त्या विभागाच्या संकेतस्थळावर गांवनिहाय पाहतां येतात. ग्रामीण भागांत शेतजमिनीचे दर हेक्टरी आकाराच्या गटांप्रमाणें दिलेले असतात. म्हणून वर सांगितलेला भागाकार आधीं करून ठेवला म्हणजे आपली जमीन कोणत्या ओळींत बसते तें तत्काळ कळतें. १ एप्रिल २०२५ पासून ह्या दरांत ग्रामीण भागापुरती सरासरी ३.३६ टक्के वाढ झाली. त्यापूर्वीं सलग दोन वर्षें दर होते तेच ठेविले होते.

ह्यावरूनच ह्या साधनाची मर्यादा ध्यानीं येईल. हा तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीं आहे. दस्तांतील किंमत व तक्त्याची किंमत ह्यांपैकीं जी अधिक, तिजवर शुल्क द्यावें लागतें. तक्त्याचा दर म्हणजे बाजारभाव नव्हे. तो बाजाराच्या मागून, एका पावलानें चालतो, आणि एका गांवांतील चांगल्या व वाईट वाटेच्या शेतांत भेद करीत नाहीं. विकणारानें त्याला आपली किंमत समजूं नये, व घेणारानेंही "सरकारी भाव एवढाच आहे" म्हणून त्याची ढाल पुढें करूं नये.

तिसरें साधन : सूची क्रमांक दोन

सर्वांत उपयोगी साधन हेंच होय. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलें कीं त्याचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्यें येतो. त्यांत दस्ताचा प्रकार, मोबदला, तक्त्याप्रमाणें बाजारभाव, गट क्रमांक, क्षेत्र, आकार, देणार-घेणार आणि तारीख इतकी माहिती असते. पूर्वीं ही पाहण्यास कचेरींत खेपा घालाव्या लागत. आतां विभागाच्या संकेतस्थळावरील शोधसेवेनें गांव, वर्ष व गट क्रमांक घालून अलीकडील वर्षांच्या नोंदी घरबसल्या पाहतां येतात. घरांतील शिकणारा मुलगा किंवा मुलगी हें काम एका संध्याकाळीं करून देईल.

आपल्या गांवचे व लगतच्या दोन गांवचे गेल्या तीन वर्षांचे दस्त एका वहींत उतरून घ्यावेत. प्रत्येक दस्ताचा मोबदला क्षेत्रानें भागून गुंठ्याचा भाव काढावा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर व एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां शेताच्या हिशेबांत दोन्ही जवळजवळ सारखेच धरण्यास हरकत नाहीं. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि सुमारें अडीच एकरांचा हेक्टर. नंतर भावाऱ्यांतील हक्कसोडपत्रें, बक्षीसपत्रें, बापलेकांमधील खरेद्या आणि कर्जापोटीं घाईनें झालेले व्यवहार वगळावेत. कारण त्यांत भाव नसतो, नातें किंवा अडचण असते.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका गांवच्या माळाचे सहा दस्त मिळाले, आणि गुंठ्याचे भाव ९,०००, ९,५००, १०,०००, १०,५००, १२,००० व ३२,००० असे निघाले. सहांची सरासरी १३,८३३ रुपये येते, आणि दलाल तीच सांगेल. परंतु शेवटचा दस्त रस्त्याला लागून असलेल्या तुकड्याचा आहे. तो वगळला तर सरासरी १०,२०० वर येते. किंवा सहाही भाव चढत्या क्रमानें मांडून मधल्या दोहोंची सरासरी घेतली, तर १०,२५० येते. म्हणजे एका तुकड्यानें सबंध गांवचा भाव गुंठ्यामागें साडेतीन हजारांहून अधिक फुगविला. चाळीस गुंठ्यांस ही चूक जवळजवळ दीड लाखाची होते. म्हणून सरासरीपेक्षां मधला आंकडा अधिक विश्वासाचा, हें लक्षांत ठेवावें. आणि जुन्या वर्षाचा दस्त व चालू वर्षाचा दस्त वेगळे मांडावेत, म्हणजे भाव चढतो आहे कीं स्थिर आहे, तेंही दिसेल.

चौथें साधन : शेताचें उत्पन्न

दस्त हे लोकांनीं काय दिलें तें सांगतात. जमीन काय परत देईल तें सांगत नाहींत. तें गणित ज्याचें त्यानें करावें. पुन्हा कल्पित आंकडे घेऊं. सात मीटर अंतरावर लावलेल्या काजूचीं एकरीं सुमारें ८० झाडें बसतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें दिलेल्या जातींचीं कलमें तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून धरूं लागतात, परंतु भर येण्यास आणखी कांहीं वर्षें जातात. भरांतील झाडास सरासरी ६ किलो बी धरली, तर ४८० किलो झाली. किलोस १२० रुपये धरल्यास ५७,६०० रुपये आले. खत, फवारणी, बेणणी, राखण व वेंचणी ह्यांस २७,६०० गेले असें मानलें, तर निव्वळ ३०,००० रुपये उरले. बँकेंतील ठेवीप्रमाणें शेंकडा ६ ची अपेक्षा धरली, तर ह्या उत्पन्नास साजेशी किंमत एकरास ५ लाख, म्हणजे गुंठ्यास साडेबारा हजार होय. बाग अजून लहान असेल, पाऊस मोहोरावर पडत असेल, किंवा रानहत्तींचा व गव्यांचा वावर असेल, तर तितकी रक्कम कमी करावी.

आतां ह्याच एकरास कोणी २० लाख मागत असेल, तर उत्पन्न शेंकडा दीडच पडतें. उरलेला सर्व लाभ "पुढें भाव वाढेल" ह्या एका आशेवर टांगलेला राहतो. स्वतःच्या शिलकीनें ही आशा विकत घेणें हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे; परंतु १५ लाख कर्ज शेंकडा १० नें काढून घेतल्यास वर्षाचें व्याजच दीड लाख होतें, आणि बाग देते तीस हजार. उरलेले एक लाख वीस हजार दरसाल कोठून आणावयाचे, हें इसार देण्यापूर्वीं कागदावर लिहून पाहावें. नाहीं तर घेतलेल्या जमिनीपायीं वडिलोपार्जित जमीन जाते.

वार्तेचा भाव

महामार्ग येणार, कारखाना येणार, पर्यटनाचें ठाणें होणार, अशा वार्ता आल्या कीं भाव उसळतात. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचेंच पाहा. पवनार ते पत्रादेवी असा तो योजिला गेला. परंतु कोल्हापूर जिल्ह्यांतील त्याच्या आंखणीस २०२४ सालीं शेतकऱ्यांनीं कडवा विरोध केला आणि आंखणीचा प्रश्न वादांत सांपडला. नकाशावरील रेघ पुसली जाऊं शकते. दिलेला पैसा मात्र परत येत नाहीं. शिवाय रस्ता खरोखर आला तरी जमीन त्याच्या कडेला राहील, कीं त्याच्या खालीं जाईल, हें आधीं कोण सांगणार? राजपत्रांत अधिसूचना निघून त्यांत गट क्रमांक येईपर्यंत वार्तेला किंमत देऊं नये.

जमीन रस्त्याखालीं गेली तर मोबदला कसा ठरतो, हें मात्र प्रत्येकानें समजून घेतलें पाहिजे. कारण येथेंच आपल्या एका जुन्या संवयीचें फळ आपणांस भोगावें लागतें. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ प्रमाणें बाजारमूल्य ठरवितांना मुद्रांकासाठीं ठरलेला दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या नोंदलेल्या विक्रीची सरासरी ह्यांची तुलना होते, व अधिक असेल तें धरलें जातें. ही सरासरी मागील तीन वर्षांच्या दस्तांतून, त्यांपैकीं चढ्या किंमतीचे निम्मे दस्त घेऊन काढावयाची असते. मग त्यास ग्रामीण भागांत एक ते दोन ह्यांमधील ठरलेल्या गुणकानें गुणून, वर शेंकडा शंभर दिलासा रक्कम मिळते. म्हणजे सर्व इमारतीचा पाया गांवच्या दस्तांतील आंकडा होय.

आणि आपण काय करतों? शुल्काचे कांहीं हजार वांचविण्यासाठीं बारा हजारांचा गुंठा दस्तांत सात हजारांचा लिहितों. सबंध गांवानें असें केलें, आणि तक्त्याचा दरही तेवढाच असला, तर संपादनाच्या दिवशीं कायद्याच्या दृष्टीनें त्या गांवचा भाव सात हजारच ठरतो. एकरामागें मूळ किंमतींत दोन लाखांची तूट आली. गुणक एक धरला तरी दिलासा रकमेसह ती चार लाख होते, आणि गुणक दोन असल्यास आठ लाख. तूट सोसतो तो शेजारी. ज्यानें कधीं खोटा दस्त केला नाहीं, कधीं जमीन विकलीही नाहीं, असा. चोरवाटेनें वांचविलेलें शुल्क अशा रीतीनें शेजाऱ्याच्या पदरांतून जातें. बँकेचें तारणमूल्य, वांटणीच्या दाव्यांतील किंमत, आणि उद्यां आपल्याच मुलानें विकावयास काढलेल्या जमिनीचा पुरावा, ह्या सर्वांवर तोच खोटा आंकडा सावली पाडतो. रोखीचा धोका वेगळाच. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार वा अधिक रक्कम रोखीनें घेण्यास आयकराच्या कायद्यानें मनाई केली आहे. आणि लिहिल्यावेगळी दिलेली रक्कम बुडाली तर कोणत्याही न्यायालयांत ती दाखवितां येत नाहीं.

इसारापूर्वीं पाहावयाच्या गोष्टी

भाव पटला तरी जमीन घेण्याजोगी आहे कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. त्यासाठीं पुढील तपास करावा.

एक : सातबाऱ्याबरोबर आठ अ व मागील सर्व फेरफार काढावेत. बहिणींचीं व वारसांचीं नांवें सुटलीं आहेत काय, तें पाहावें. चंदगड १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत असल्यामुळें फार जुना दस्त पाहण्याची वेळ आल्यास तेथील दप्तराचीही चौकशी करावी.

दोन : भोगवटादार वर्ग दोन, नवीन शर्त, किंवा १९४८ च्या कुळकायद्यानें मिळालेली जमीन असल्यास हस्तांतरावर निर्बंध असतात, आधीं परवानगी, मग पैसे. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवांचून घेतां येत नाहीं. बाहेरच्या गिऱ्हाईकास विकतांना हें विसरूं नये.

तीन : १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यांत वेळोवेळीं फेर झाले आहेत. लहान तुकडा घेतांना त्या दिवशींचा नियम दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावा.

चार : इतर हक्कांत "वन" असा शब्द, १९७५ च्या खासगी वन कायद्याची नोंद, किंवा पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांत गांवाचें नांव आहे काय, तें पाहावें. मसुदा २०२४ च्या जुलैमध्यें पुन्हा निघालेला आहे. अशा गांवांत शेती थांबत नाहीं. परंतु खाण, मोठें बांधकाम ह्यांच्या आशेवर किंमत देऊं नये.

पांच : गट नकाशा पाहून पाणंद नोंदलेली आहे कीं केवळ शेजाऱ्याच्या सौजन्यानें चालू आहे, याची खात्री करावी, विहिरींतील हिस्सा दस्तांत लिहून घ्यावा, आणि सरकारी मोजणी झाल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. हद्दीचा दगड उकरून पाहणें हें नकाशा पाहण्याइतकेंच आवश्यक आहे.

समारोप

सारांश असा : आकारावरून माती ओळखावी, तक्त्यावरून शुल्क ओळखावें, दस्तांवरून बाजार ओळखावा, आणि उत्पन्नावरून आपली ऐपत ओळखावी. चारही आंकडे एका पानावर मांडले म्हणजे किंमतीची खालची व वरची मर्यादा दिसूं लागते, आणि सौदा त्या मर्यादेंत करणें हें मग प्रत्येकाच्या वाक्चातुर्यावर राहतें.

हें काम एकट्यानें करण्यापेक्षां गांवानें मिळून करावें, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक गांवच्या सोसायटींत एक वही ठेवावी. वर्षांतून एकदां, मार्च अखेरीस, गांवचे नोंदलेले दस्त जमिनीच्या जातीप्रमाणें तींत उतरावेत. आणि ती वही विकणारा व घेणारा ह्या दोघांसही खुली असावी. तींतील आंकडे खरे राहतील, तर अडलेल्या विधवेची जमीन कवडीमोलानें जाणार नाहीं, आणि तरुण मुलगा वार्तेच्या भावानें बुडणार नाहीं. त्या खरेपणाची सुरुवात मात्र ज्यानें त्यानें आपल्या पुढच्या खरेदीखतापासूनच केली पाहिजे.